खिडकीतला गिलास

शियान, चीन देश
९ ऑक्टोबर १९८५

सुधा,

पाकिटावरचं तिकीट पाहून घाबरू नको. मी मेली नाही. चीन देशात आली आहे अन् हॉटेलातल्या टेबलावर बसून लिहून राहिली. टेबल असं गुळगुळीत की कागद सरकते.

नागपूरच्या मंडळानं यात्रा काढली हे तुले सौसरात कळलंच असंल. जुन्या काळी इथला एक भिक्षू आपल्या देशातून पोथ्या घेऊन आला होता, त्या जिथं ठेवल्या तो मनोरा पाहायचा. अकरा जण आहोत, पांढुर्ण्याहून मी एकटी. मलेच काहून आणलं, तेही तुले ठाऊक आहे. छप्पन सालात नागपूरले जाऊन दीक्षा घेतलेल्या बाया आता बोटावर मोजण्याइतक्या, अन् त्यात चारचौघांत तोंड उघडणारी मी. सौसरच्या विहिरीची गोष्ट माझ्यासारखी कोणाले सांगता येत नाही. आठ वर्षांची होती. एका बाईच्या घागरीले माझं बोट लागलं, तिनं भरलेली घागर माझ्या पायापाशी उपडी केली. दर वर्षी सांगते, दर वर्षी लोक डोळे पुसतात. परवा इथल्या साहेबलोकांपुढंही सांगितली. लिन नावाची हिंदी शिकलेली पोरगी आमची दुभाषी आहे, तिनं ती चिनीत सांगितली. साहेबांनी माना हलवल्या अन् जेवायले लागले.

खाण्याचे हाल आहेत. दोन काड्यांनी भात उचलायचा म्हणे. मी चमचा मागते. रस्सा मात्र घरून आणलेल्या माझ्या स्टीलच्या गिलासात घेते. कशाचा आहे विचारत नाही. परक्या भांड्यातलं मले घशाखाली उतरत नाही, तुले माहीत आहे.

आता कामाचं. तीन नोव्हेंबरले, रविवारी, विहारात बैठक ठेवली आहे. आधी माझा सत्कार, मग तुमचा विषय. फारकतीचा कागद विहार समितीच्या पुंडलिकरावांनी तयार केला, प्रकाश सही करायले तयार आहे. रजनी बापाकडं राहील असं समितीचं म्हणणं आहे. तू त्या दिवशी तिले कपड्यांसकट घेऊन ये. रडारड नको. तुले सौसरच्या तहसीलीत नोकरी आहे, वय आहे, दुसरं घर मिळंल. पोरीले चार वर्षं मी वाढवलं, ती माझ्याजवळच निजायची.

भांडण कशाचं झालं हे प्रकाशनं मले विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिले नोकरीचा ताठा आहे, म्हाताऱ्या सासूचं करणं जमत नाही. तुले विचारलं तर तू म्हणाली, मायले विचारा. आठ महिन्यांत दुसरा शब्द नाही काढला. जो बोलत नाही त्याचं कबूल, असं लोक धरून चालतात.

जयभीम.
चंद्रभागा


शियान
११ ऑक्टोबर

सुधा,

परवाचं पत्र लिननं पेटीत टाकलं. काल सकाळी मी तिले म्हटलं, परत काढता येते का? ती हसली. सरकारच्या पेटीतून काही निघत नाही म्हणाली. आपल्यासारखंच.

काल दुपारी मोकळीक होती. मी म्हटलं, बाई, मले भाकर नाही तर निदान रोटी दाखव. लिन म्हणाली, इथं मुसलमानांचा जुना मोहल्ला आहे, तिथं रोटी अन् मटण मिळते. ती, मी अन् नागपूरच्या प्रेमलताबाई अशा तिघी गेलो. मंडळाच्या सेक्रेटरीची बायको ती. नऊवारी नेसून आली आहे अन् सगळ्या रस्त्यानं लोकांले हात जोडते.

शहराच्या मधोमध एक नगाऱ्याचा मनोरा आहे, खालून बोगदा. बोगद्यातून पलीकडं निघालं की मोहल्ला लागते. लिन सांगे, हजार वर्षांमागं पश्चिमेकडून उंटांवर माल घेऊन आले अन् इथंच राहिले. तोंडं चिनी, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. गल्ल्या अशा की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं उतरावं. दारादारांत अक्रोड, खजूर, सोललेल्या बकऱ्या टांगलेल्या. टमाट्यासारखं एक नारिंगी फळ आहे, मधासारखं गोड, त्याच्या तळलेल्या टिक्क्या विकतात. दोन खाल्ल्या. कोळशाचा धूर, मसाल्याचा वास. मी लिनले म्हटलं, हे तुझं शहर मले आज पहिल्यांदा कळून राहिलं.

एका खाणावळीत बसलो. मालकीण एक म्हातारी, मा नावाची, माझ्याच वयाची, पांढरं फडकं कानामागं घट्ट. तिनं आमच्यापुढं एकेक वाडगा अन् दोन दोन कडक रोट्या ठेवल्या. इथं गिऱ्हाइकानं रोटी आपल्या हातानं चुरायची, मग वाडगा चुलीवर जाते अन् वरून मटणाचा रस्सा पडते. मी म्हटलं, हे तर आपलं आहे, भाकर कुस्करणं मले कोण शिकवंल. मा बाई आली, माझ्या वाडग्यात डोकावली, एक तुकडा चिमटीत धरून मले दाखवला अन् बोटानं वाटाण्याएवढं करून सांगितलं. सगळं पुन्हा चुरायले लावलं. मोठी खडूस. मले आवडली.

पुढचं लिहायले हात मागं घेते. तरी लिहिते.

मले तहान लागली. कोपऱ्यात पाण्याचा मोठा माठ होता, झाकण घातलेला. पिशवीतून माझा गिलास काढला, झाकण बाजूले केलं अन् बुडवायले गेली. मा बाई धावत आली अन् तिनं माझं मनगट धरलं. तोंडानं चिनीत काहीतरी, दुसऱ्या हातानं माझा गिलास माठापासून दूर लोटून राहिली. दुकानातली माणसं खाता खाता थांबली.

मले काय झालं ते ऐक. मले वाटलं, यांले कळलं. मी कोण ते यांले कळलं. प्रेमलताबाईनं सांगितलं असंल, का परवाची विहिरीची गोष्ट त्या साहेबलोकांनी इथवर पसरवली असंल. चौसष्ट वर्षांची बाई मी, चीन देशात उभी राहून असा विचार करून राहिली. मनगट सोडवलं अन् गिलास मुद्दाम माठात बुडवला. कोपरापर्यंत.

मग ओरडली. मराठीतच ओरडली.

"माझी जात इथवर कोणी आणली? सांगा, कोणी आणली?"

प्रेमलताबाई माझा पदर ओढे. मी माझा वाडगा हातानं उडवला, चुरलेली रोटी जमिनीवर. आतून मा बाईची सून आली, तिनं अन् एका माणसानं तो माठ दोन्ही बाजूंनी उचलला अन् दारापुढच्या नालीत ओतला. सगळा. मी पाहत राहिली.

लिन रडवेली झाली होती. ती मले बाहेर घेऊन गेली अन् हिंदीत हळू हळू समजावलं. आजी, तुम्हाला नाही अडवलं, गिलासाला अडवलं. हॉटेलात तुम्ही या गिलासात रोज रस्सा पिता, तो डुकराचा. या मोहल्ल्यात बाहेरचं भांडं पाण्याला लावत नाहीत. माझंही नाही, माझ्या बापाचंही नाही. मोठा अधिकारी आला तरी त्यानं यांच्याच वाडग्यातून प्यायचं.

मी आत परत गेली. मा बाईनं फळीवरच्या वाडग्यांतला एक उचलला, सगळे एकसारखे, निळ्या काठाचे. किटलीतलं पाणी त्यात ओतलं. माझी पिशवी माझ्या खांद्यावरून काढून दाराबाहेरच्या खिळ्याले अडकवली, गिलास त्या पिशवीतच होता. अन् मले आपल्या शेजारी बाकावर बसवून वाडगा माझ्या दोन्ही हातांत दिला. तिची बोटं माझ्या बोटांले लागली. तिनं पुसली नाहीत.

पाणी पिली. कशी पिली मलेच माहीत.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. पिशवीतच ठेवते.


शियान
१२ ऑक्टोबर

आज पुन्हा गेली. उद्या निघायचं आहे, अन् नालीत ओतलेल्या त्या पाण्याची लाज घेऊन मले पांढुर्ण्याले यायचं नव्हतं. लिनले म्हटलं, म्हातारीले सांग, माझं चुकलं. मा बाईनं ऐकलं अन् पहिलं काय विचारलं? रोटी आज बारीक चुरशील का?

मग ती आम्हाले आपली मशीद दाखवायले घेऊन गेली. घुमट शोधून शोधून माझी मान दुखली. घुमट नाहीच. लाकडाच्या कमानी, निळी कौलं, एकामागं एक पाच अंगणं, झाडं, दगडाच्या मोठ्या पाट्यांवर अक्षरं, अर्धी चिनी, अर्धी आपल्या मौलवीच्या पुस्तकासारखी. बाहेरून कोणी म्हणावं बुद्धाचं विहार आहे. आत जिथं नमाज पढतात तिथं आम्ही नाही गेलो, अंगणातच बसलो. म्हातारे लोक उन्हात बसले होते. एक दाढीवाला आमच्याकडं पाहून हसला अन् लिनले म्हणाला, या हिंदुस्थानच्या आजीनं काल माठ बाटवला ना? गल्लीभर झालं होतं. पांढुर्ण्याले लाज निघाली तर नदीपलीकडच्या सावरगावले पोचायले एक दुपार लागते, इथं तेवढीही लागली नसंल.

मी मा बाईले विचारलं, काल ज्या सुनेनं माठ उचलला, ती कोण्या घरची? ती म्हणाली, बाहेरची आहे, मुसलमान नव्हती, तिच्या बापाच्या घरी डुक्कर शिजते. लग्नाच्या दिवशी अंघोळ केली, कलमा वाचला, आमची झाली. त्याच दिवशी तिनं आमच्या परातीत पीठ मळलं. मी विचारलं, तुझं मन लगेच मानलं? लिननं विचारलं तशी मा बाई हसून बोलली. मन मानायची वाट पाहत बसली असती तर आज नातू नसता.

मग तिनं विचारलं, तुझी सून?

सुधा, मी म्हटलं, घरी आहे. माझ्या चुलीपुढं बसली असंल. लेकीसारखी आहे.

इतक्या दूर, जिथं मले कोणी ओळखत नाही, जिथं खरं बोलून माझा एक केस वाकडा होणार नव्हता, तिथंही खोटंच निघालं. मा बाईनं माझ्या गालाले हात लावला. मले भाग्यवान म्हणाली, असं लिननं सांगितलं.

आता जे प्रकाशले कधी सांगितलं नाही ते लिहिते. तुले माहीतच आहे, पण मी माझ्या तोंडानं कधी म्हटलं नाही.

तुमचं लग्न विहारात झालं तेव्हा पुंडलिकरावांनी माझ्या गळ्यात हार घातला. चंद्रभागाबाईनं जात पायाखाली घातली, नगरपालिकेत झाडू मारणाऱ्याची लेक सून करून आणली, असं भाषण झालं. मी हार घालून बसली होती. तुझा बाप शेवटच्या रांगेत. जेवणाच्या वेळी त्यानं पिशवीतून आपला पेला काढला, घरून आणलेला. त्याले सवय होती. मी पाहिलं. भाऊ, तो ठेवा, असं एक वाक्य म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. बरं झालं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी काठाले पोचा पडलेला एक गिलास काढला, मोरीच्या खिडकीत ठेवला अन् तुले म्हटलं, हा तुझा. तू म्हणाली, बरं माय. कोणाले काही म्हणायले जागाच नव्हती, घरात ज्याचा त्याचा गिलास असतोच. पण बाकीचे मांडणीवर होते अन् तुझा खिडकीत होता. तू घासून ठेवलेली भांडी मी पुन्हा राखेनं घासायची, तू ऑफिसले गेल्यावर. हात दुखायचे तरी घासायची. अन् दर ऑक्टोबरात विहारात उभी राहून विहिरीची गोष्ट सांगायची. तू समोर बसून ऐकायची. टाळ्याही वाजवायची.

रजनीले मी काही शिकवायले बसली नव्हती. पोरं पाहतात. त्या दिवशी तू सौसरच्या बसमधून तापानं फणफणत आली, मांडणीवरचा जो हाती लागला तो गिलास घेतला. रजनी अंगणातून धावत आली.

"माय, तो आजीचा आहे. तुझा खिडकीतला. आजी बाटते ना."

तू माझ्याकडं पाहिलं. तेव्हाही वेळ होती. मी काय म्हटलं ते तुले आठवते, मलेही आठवते.

"पोरगी शहाणी आहे."

तू गिलास खाली ठेवला. पाणी पिली नाही. पोरीचे कपडे भरले अन् तापात तशीच उलट्या बसनं गेली.

इथल्या लोकांनी माझं भांडं बाहेर अडकवलं अन् मले आत बसवलं. मी तर भांडंही आपलंच दिलं होतं, रोज धुतलेलं. त्यात डुक्कर नव्हतं, काही नव्हतं. फक्त तू पित होती.

हेही पेटीत टाकणार नाही.


पांढुर्णा
६ नोव्हेंबर १९८५

सुधा,

आधीची दोन पत्रं यासोबत आहेत. तारखेनं वाच. पहिलं तुले चीनहून मिळालं असंल. त्यात पोरीले कपड्यांसकट घेऊन ये लिहिलं आहे, ते फाडून टाक.

रविवारी तू आली नाही, बरं केलं. काय झालं ते तुले कोणी ना कोणी तिखटमीठ लावून सांगंल, म्हणून मीच लिहिते.

विहार भरलं होतं. पुंडलिकरावांनी शाल दिली, नारळ दिला. चीनचं सांगा म्हणाले. मी मनोऱ्याचं सांगितलं, काड्यांनी भात खाण्याचं सांगितलं, लोक हसले. मग म्हणाले, आता आपली विहिरीची गोष्ट होऊन जाऊ द्या, नवीन पोरांनी ऐकली पाहिजे. मी सुरू केली. घागर उपडी होते तिथं दर वेळी थांबते, लोक डोळे पुसतात. या वेळी थांबली नाही. मी म्हटलं, त्या बाईचं नाव मी पन्नास वर्षं घेत आली, आज माझं घेते. माझ्या सुनेचा गिलास मी खिडकीत ठेवत होती. पाच वर्षं. ती ताठ्यानं गेली नाही, मी लेकाले खोटं सांगितलं.

बायांच्या बाजूले पाहिलं तर अर्ध्या खाली पाहत होत्या. त्या काहून खाली पाहत होत्या ते मी विचारलं नाही, अन् त्यांनीही मले काही विचारलं नाही. पुंडलिकराव उठले. हळूच म्हणाले, बाई, प्रवासानं थकल्या तुम्ही, घरातलं घरात ठेवा. मी म्हटलं, घरात ठेवलं होतं ना, पाच वर्षं.

प्रकाश मागं उभा होता, ड्युटीवरून तसाच आलेला, रेल्वेच्या निळ्या कपड्यात. त्यानं एकच विचारलं.

"रजनीले ठाऊक होतं?"

"हो. माझ्याकडूनच शिकली."

तो निघून गेला. कागदावर सही झाली नाही. पुंडलिकरावांनी तो घडी करून खिशात घातला अन् मले शाल राहू द्या म्हणाले. मी शाल खुर्चीवर ठेवून आली.

तीन दिवस झाले, प्रकाश घरी जेवत नाही. स्टेशनवर खाते, तिथंच निजते. काल कपडे न्यायले आला तर माझ्याशी बोलला नाही. शेजारच्या दिलीपले विचारत होता, सौसरची पहिली बस किती वाजता सुटते. रविवारी त्याची सुट्टी आहे. येईल तुझ्याकडं. तू त्याले दारातून परत पाठव का घरात घे, तुझी तू पाहा. पण त्याले एवढं विचारल्याशिवाय सोडू नको. तो त्याच घरात जेवत होता, त्याच मोरीवर हात धूत होता. बायकोचा गिलास खिडकीत काहून, हे त्यानं एकदाही मले विचारलं नाही. आंधळा तर नव्हता. माझी लाज माझी, पण त्याच्या वाट्याची मी घेणार नाही.

तू परत ये असं मी लिहीत नाही. तसं लिहायचं तोंड नाही. अन् दुसरीही एक गोष्ट आहे.

आज सकाळी आपल्या गल्लीत झाडणारी इंदू दाराशी आली. ऊन होतं, पाणी मागितलं. मी लगेच उठली, माठातून गडवा भरला, मनात म्हटलं, चंद्रभागा, बघ, आता जमते. ओट्यावर गेली. इंदूनं खाली वाकून ओंजळ धरली, त्यांले सवय असते. अन् मी वरून ओतायले लागली. हात उंच धरून, गडव्याचा काठ तिच्या बोटांले लागणार नाही असा. अर्धा गडवा रिकामा झाला तेव्हा मले दिसलं मी काय करून राहिली.

थांबली नाही मी. तसाच पूर्ण ओतला. ती पिली अन् गेली.

म्हणून रजनीले एवढ्यात माझ्याकडं पाठवू नको. मी बोलावलं तरी नको.

चंद्रभागा